दुखण्याचे दार

कोपर आपटले की आपला हात आपोआप तिथे जातो. चोळले की बरे वाटते. असे का होते, याचा उलगडा मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये केला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश गर्दीने आले की ते वेदनेसाठी मिटू लागते.

उपाय मात्र फार जुना. पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस दुखऱ्या पायाच्या रोग्याला समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर उभे करी आणि पायाखाली विजेचा झटका देणारा जिवंत मासा ठेवी. गुडघ्यापर्यंत पाय बधिर होई.

१९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूलाच सौम्य वीज देणारे यंत्र रोग्याच्या शरीरात बसवले. पुढे कातडीवर चकत्या चिकटवून वापरायचे ‘टेन्स’ यंत्र आले.

आपल्याकडे ही यंत्रे फिजिओथेरपिस्टांच्या हाती आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकात या विद्येची शाळा निघाली. आज नवी मुंबईत नेरूळ, कामोठ्यालाही ती शिकवली जाते.

टेन्सचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नये. शरीरात बसवायच्या यंत्राचा खर्च लाखांच्या घरात जातो, तो गरिबाला कसा झेपावा?

पण एवढे तरी आपल्या हाती आहे. जखम भरल्यावरही शिरा दुखत राहू शकतात. तेव्हा घरातले कोणी वर्षानुवर्षे ‘पाय दुखतो’ म्हणत असेल, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याला गप्प करू नका.