'टेम्प'मधला कचरा आणि न वाचलेल्या तक्रारी

लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'टेम्प' ही डिरेक्टरी उघडली, की कुठल्या कुठल्या प्रोग्रामांनी मागे सोडलेल्या फाइली दिसतात. लॉग उघडला, तर कुरबुरींच्या शेकडो ओळी. मशीन मात्र व्यवस्थित चालू असतं. मग हे सगळं लिहिलं जातं कुणासाठी, आणि आवरायचं कुणी?

१९७१च्या सुमारास बेल लॅब्समध्ये युनिक्स ज्या पीडीपी-११ मशीनवर चालत होतं, त्याची मेमरी होती २४ किलोबाइट. त्यातली १६ सिस्टिमची, उरलेली ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रामांसाठी. एवढ्या जागेत मोठा मजकूर मावणार कसा? म्हणून 'ईडी' (तपास यंत्रणा नव्हे, मजकूर संपादित करणारा प्रोग्राम) तो 'टेम्प'मधल्या फाइलीत ठेवून काम करायचा. काम संपलं की फाइल पुसायची, हा शिरस्ता. पण प्रोग्राम मध्येच कोसळला, तर पुसणार कोण?

तक्रारींची कथा जरा गमतीची आहे. सुरुवातीला प्रोग्रामचं उत्तर आणि त्याची तक्रार एकाच वाटेनं बाहेर पडत. बेल लॅब्समध्ये फोटोटाइपसेटर आला, तेव्हा लोक लांबलचक कागद रसायनांच्या मशीनमधून काढून वाट बघत बसायचे, आणि हाती यायची सुबक छापलेली एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत तक्रारींसाठी 'स्टँडर्ड एरर' ही वेगळी वाट तयार झाली.

पुढे १९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल'सोबत 'सिसलॉग' लिहिलं. प्रत्येक संदेशाला गांभीर्याची पातळी मिळाली. १९८६च्या ४.३ बीएसडीमध्ये डिरेक्टरीसाठी 'स्टिकी बिट' आला: 'टेम्प'मध्ये लिहावं सगळ्यांनी, पण एकाची फाइल दुसऱ्यानं पुसू नये. हे सगळे नियम सामायिक मशीनचे आहेत. चाळीतल्या सामायिक गॅलरीसारखे. तिथे एक ॲडमिनिस्ट्रेटर असायचा. झाडायचं त्यानं, लॉग वाचायचा त्यानं.

१९९०च्या दशकात लिनक्स आणि बीएसडी घरच्या पीसीवर आले, तेव्हा ही व्यवस्था जशीच्या तशी आली. ॲडमिनिस्ट्रेटर मात्र आला नाही. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमनं त्यात भर घातली. खिडक्या आणि मेनूवाले प्रोग्राम ज्या टर्मिनलवर कुरकुरले असते, तो आता समोर नव्हता. त्यांची बडबड होम डिरेक्टरीतल्या एका लपलेल्या फाइलीत साठू लागली.

झाडण्याचं काम हळूहळू यंत्राकडे गेलं. २०१३च्या फेडोरा १८मध्ये 'टेम्प' थेट मेमरीत गेलं. मशीन बंद झालं की सगळं साफ. सिस्टमडी तर एरवीही तिथल्या १० दिवसांहून जुन्या फाइली काढून टाकतं. फाइलीचं वय मोजता येतं, म्हणून हे जमलं. तक्रारीचा अर्थ असा मोजता येत नाही. सिस्टमडीच्या जर्नलमध्ये आज एखाद्या बटणाच्या रंगाबद्दलची निरुपद्रवी ओळ आणि मरू घातलेल्या डिस्कची ओळ शेजारी शेजारी पडतात. पहिल्या प्रकारच्या हजार ओळी बघून सवय झालेला माणूस दुसरी वाचत नाही, आणि फोटो जातात ते तिथे.

एक्स सर्व्हर सुरू होताना 'टेम्प'मध्ये एक लॉक फाइल ठेवतो. तिच्यात स्वतःचा प्रोसेस क्रमांक लिहितो. तो कोसळला, तर पुढचा सर्व्हर त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का बघतो आणि नसेल तर फाइल स्वतःच काढतो. पण तोच क्रमांक योगायोगानं दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला असेल, तर तो फसतो आणि थांबतो. मग संदेश येतो: आधीचा सर्व्हर खरंच चालू नसेल, तर ही फाइल पुसा आणि पुन्हा सुरू करा. हा संदेश ॲडमिनिस्ट्रेटरसाठी लिहिलेला आहे. घरच्या लॅपटॉपवर ती नेमणूक आपलीच झालेली असते. फक्त तसं पत्र कुणी दिलेलं नसतं.