तळटीप : ‘या हंगामाचा घोडा’
* १९व्या शतकातील न्यूझीलंडमध्ये, विशेषतः कँटरबरीच्या गव्हाच्या पट्ट्यात, वसंत ऋतू (तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर) जवळ आला की वृत्तपत्रांत वळू घोड्यांच्या जाहिराती येत. घोड्याची वंशावळ, फळवणीचे शुल्क आणि मुक्कामांचे वार त्यांत दिलेले असत. मोतद्दार घोड्याला शेतोशेती फिरवी. शुल्क बहुधा गिनीत, म्हणजे २१ शिलिंगांच्या हिशेबात, सांगितले जाई. नांगरटीसाठी मूळच्या स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल जातीला मोठी मागणी होती. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. त्यामुळे वसंतात फळवलेली घोडी पुढच्या वसंतात, कोवळा चारा असताना वीत असे. पुढच्या पिढीचे नांगराचे बळ वळू घोड्याच्या निवडीवर ठरे. मूळ मजकुरातील जाहिरात घोड्याच्या विक्रीची नसून फळवणीची आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.