बोअर मारलेलं इंजिन आणि मामांची शर्यत

फेब्रुवारीत एका कॉलेजात रिसर्च मेथडॉलॉजीवर बोलायला गेलो होतो. जेवणानंतरचं सत्र, म्हणजे अर्धा वर्ग झोपेत. अशा वेळी मी एका गाडीच्या फोटोने सुरुवात करायचो. सिंदी मेघेतल्या आमच्या घरामागे, बोरीच्या झाडाखाली उभी असलेली जुनी फियाट. "ही माझ्या बाबांच्या मामांची गाडी. मुंबईत नोकरीला असताना त्यांनी ती शर्यतीसाठी तयार करून घेतली आणि मद्रासजवळ शोलावरमला पळवली." मुलं जागी व्हायची, मग मी संशोधनाच्या गोष्टीकडे वळायचो.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "घरी सगळ्यांना माहीत आहे."

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली बसली. ते मला जास्त लागलं. पुढे तासभर मी पुरावा, नियंत्रण आणि पर्यायी स्पष्टीकरण यांवर बोललो, आणि माझ्या पहिल्याच वाक्याला यातलं काहीही नव्हतं. दिवाळीत घरी गेल्यावर इंजिन उघडायचं ठरवलं. जे सापडलं ते सांगतोच, पण त्याआधी थोडा इतिहास लागेल. शर्यतीसाठी तयार केलेली गाडी कशी दिसते हे माहीत नसेल, तर उघडलेल्या इंजिनात बघणार काय?

फियाट आणि शर्यत हे ऐकून हसू येत असेल तर सांगतो, स्पोर्ट्स कारचा बराचसा इतिहास साध्या गाड्यांपासूनच सुरू होतो. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा. त्याने १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर नवी बॉडी चढवली. ती पहिली लोटस. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून निघणारी मध्यमवर्गीय कुटुंबाची स्वस्त गाडी होती. तिच्या चार सिलिंडरांना हवा आत घ्यायला दोनच वाटा होत्या, म्हणजे एका वाटेवर दोन सिलिंडर. पुढच्या एका गाडीत चॅपमनने त्या वाटांच्या मधोमध पडदा घातला आणि दोनाच्या चार केल्या. नियमात हे चालणार नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. गाडी इतकी पुढे गेली की क्लबला नंतर नियम बदलावा लागला. इंजिन तेच, मोठं केलेलं नाही. फक्त त्याचा श्वास कुठे अडतोय हे आधी शोधलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण बरेचसे शोधनिबंध याच्या उलट्या क्रमाने लिहिले जातात. आधी उपाय हातात असतो आणि मग त्याला अडचण शोधली जाते.

आपल्याकडे गोष्ट टंचाईतून आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने सांगितलं की इथे गाडी बनवायची असेल तर सुटे भागही इथेच बनवायला लागा, नुसती जुळणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. पुढची तीस वर्षं सर्वसाधारण माणसाला घेता येतील अशा गाड्या तीनच: अँबेसेडर, फियाट आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. ज्याला शर्यत लावायची त्याला यातलीच एक घेऊन कामाला लागावं लागे. राजेरजवाड्यांकडे परदेशी गाड्या होत्या, त्यांची गोष्ट वेगळी. फियाटची ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली आणि तीच थोड्याफार फरकाने १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. आमच्या आरसी बुकवर १९७६ साल आहे. म्हणजे घरातली 'फियाट' कागदावर पद्मिनी आहे. ही पहिली दुरुस्ती.

आणि पळवायची कुठे? दुसऱ्या महायुद्धाने जगभर एक वस्तू मागे ठेवली होती, ती म्हणजे रिकाम्या धावपट्ट्या. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हा हवाई दलाचा तळ होता, तिथे १९४८ मध्ये ग्रां प्री झाली. त्याच वर्षी गुडवूडच्या तळाभोवतीचा रस्ता शर्यतीसाठी खुला झाला. अमेरिकेतलं सेब्रिंगही मूळचं विमानतळच. आपल्याकडे चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. या क्लबने कित्येक वर्षं तिथे शर्यती भरवल्या, आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक झाल्यावर तिकडे गेला.

धावपट्टीवर शर्यत लावली की एक गोष्ट आपोआप होते. लांबलचक सरळ रस्ता आणि टोकाला एकदम वळण. घाटात गाडी सतत वळत असते, इथे ती आधी पूर्ण वेग घेते आणि मग तो सगळा वेग काही सेकंदांत टाकून देते. तो वेग जातो कुठे? ब्रेकमध्ये. हिशेब करून बघा. गाडी साधारण ९०० किलोची, चालक आणि पेट्रोल धरून १००० किलो. ताशी १२० वरून ६० वर आणायची तर सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. चारही चाकांच्या लोखंडी ड्रमचं वजन मिळून २० किलो धरू (हे मी धरलेलं आहे, मोजलेलं नाही). सगळी उष्णता त्यांच्यातच राहिली तर एका ब्रेकला तापमान जवळपास ४५ अंशांनी चढतं. ड्रम पुरता थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो, म्हणजे जेव्हा ब्रेक जास्त हवा तेव्हा पेडल जास्त खोल जातं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेने फुगते आणि उघड्यावर असल्याने लवकर निवते. जग्वारने १९५३ ची ल मां शर्यत डिस्क ब्रेक लावून जिंकली, त्यामागे हेच साधं भौतिकशास्त्र होतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची हमी १४० अंशांपुरतीच. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली तर नुसती दबते, गाडी थांबत नाही. म्हणून जुनी गाडी ट्रॅकवर न्यायची तर जाणकार इंजिनाला शेवटी हात लावतात. आधी ब्रेक, टायर, रेडिएटर, सस्पेन्शनचे झिजलेले बुश. नवखा माणूस पहिल्यांदा कार्ब्युरेटर बदलतो. मी स्वतः पीएचडीच्या पहिल्या वर्षी तेच केलं, म्हणजे घर्षण मोजायच्या यंत्राचा सेन्सर आणि नमुना तयार करायची पद्धत एकाच आठवड्यात बदलली, आणि आकडे सुधारले ते कशामुळे हे आजही सांगता येत नाही. ते चार महिने थिसिसमध्ये नाहीत.

आता झाडाखालची गाडी. गावातले एक मिस्त्री काका, वय सत्तरच्या पुढे, यांना बोलावलं. त्यांनी हेड काढलं, फडक्याने पिस्टनचा माथा पुसला आणि म्हणाले, "हे बोर मारेल हाय ना भाऊ."

पिस्टनवर ६० आकडा ठोकलेला. म्हणजे ०.६० मिमी ओव्हरसाइझ. मी जवळजवळ ओरडलोच. मोठं केलेलं इंजिन! मामा खरे!

मग वही घेऊन बसलो. मूळ इंजिन ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, चार सिलिंडर. गुणाकार करा, १०८९ सीसी येतं. बोअर ६८.६ केला तर ११०८. वाढ १९ सीसी, दोन टक्क्यांच्याही आत. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एवढ्याने काही कळतसुद्धा नाही. काका शांतपणे म्हणाले, "अशे तर मी शंभर इंजिनं मारले असतीन. तेल जायाले लागलं का बोर मारा." सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. सगळ्यात जास्त झिजतो वरच्या टोकाला, जिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. गती शून्य झाली की रिंग आणि भिंत यांमधला तेलाचा थर टिकत नाही. तापही तिथेच जास्त. (हा माझ्या थिसिसचा विषय आहे आणि तरी मी पिस्टनवरचा आकडा बघून नाचत होतो.) झिजून अंडाकृती झालेला सिलिंडर परत गोल करायचा तर मोठा करावाच लागतो. दुरुस्ती आणि शर्यतीची तयारी, दोन्हींची खूण एकच.

हेड मोजलं. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्याच इंजिनाचं दुसरं हेड आणलं, त्याच्यापेक्षा आमचं ०.८ मिमीने पातळ. हेडला फेस मारला की वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, ही शर्यतवाल्यांची जुनी युक्ती. किती फायदा? समजा मूळ कॉम्प्रेशन ७.५ आहे आणि हेड १ मिमी कापलं. वरच्या पोकळीचं तोंड सिलिंडरएवढंच धरलं तर ते ८.१ च्या आसपास जातं. आदर्श ऑटो चक्रात कार्यक्षमता ५५.३ वरून ५६.७ टक्के. त्याच्या बदल्यात कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागायचा धोका. हॅरी रिकार्डो पहिल्या महायुद्धाच्या काळापासून याच ठोकण्याच्या मागे लागला होता. इंधन जे सोसेल तेवढंच कॉम्प्रेशन देता येतं, हे त्याच्या कामातून पक्कं झालं.

पण इथेही दुसरं स्पष्टीकरण उभंच. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या वर, रेडिएटरमध्ये विहिरीचं जड पाणी, चढावर गाडी तापली की हेड वाकतं. वाकलेलं हेड खरादवाल्याकडे जातं आणि तो फेस मारून सपाट करून देतो. आणि भंगारातलं ते दुसरं हेड तरी मूळ जाडीचं होतं का? माझा कंट्रोल नमुनाच अनोळखी.

म्हणून अशी खूण हवी होती जी शर्यतीतच होते, दुरुस्तीत होत नाही. फ्लायव्हील घासून हलकं करणं हे दुरुस्तीत कोणी करत नाही. आमचं फ्लायव्हील पूर्ण, कापल्याची खूण नाही. ब्रेक शूमागच्या पत्र्याला हवेसाठी भोकं नाहीत. मॅनिफोल्ड एकाच कार्ब्युरेटरचं. मागचे पाटे जेवढे असायचे तेवढेच. गिअर अजून स्टिअरिंगलाच. फक्त पुढच्या सीटमागे फरशीच्या पत्र्याला चार भोकं आहेत, मोठ्या वॉशरांच्या गंजाच्या गोल खुणांसकट. रोल बारचा पाय असा बसवता येतो. काका म्हणतात सिलिंडरची टाकी बांधली असेल. दोन्ही शक्य आहे, आणि नुसत्या भोकांवर शर्यत उभी राहत नाही. सगळं मांडून बघितलं तर ही पोटापाण्याला वापरलेली, दोनदा तरी तापलेली आणि एकदा तरी नीट दुरुस्त केलेली गाडी आहे. ब्रेक आणि फ्लायव्हीलला हात न लावता कोणी धावपट्टीवर उतरलाच नसेल असंही मी छातीठोक म्हणणार नाही. पण 'तयार करून घेतली' हे माझं वाक्य गेलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "म्हणजे मामा खोटं बोलत होते?"

मग आम्ही आठवायला बसलो की मामा नेमकं काय म्हणायचे. बाबांना आठवलं, "मी शोलावरमला गेलो होतो." काकूला आठवलं, "आमची गाडी गेली होती शोलावरमला." पळवली, धावलो, जिंकलो असं कोणालाच त्यांच्या तोंडून ऐकलेलं आठवेना. गाडी घेऊन शर्यत बघायला गेलेला माणूसही हेच म्हणेल. 'पळवली' हे क्रियापद बहुतेक माझंच. शाळेत असताना मी मित्रांना सांगताना घातलं असणार. मामांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्याबरोबर मुंबईत काम केलेलं कोणी हयात आहे का, हे बाबा विचारताहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा ती इंजिनं हाताळलेले मिस्त्रीही आता किती उरले असतील. काकांकडे वही नाही. शंभर इंजिनांचे बोअर त्यांच्या डोक्यात आहेत. मी आता दर रविवारी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतोय, आणि प्रश्न विचारताना 'शर्यत' हा शब्द आपण होऊन काढायचा नाही एवढं पाळतोय.

तुमच्या घरी, गावात किंवा कॉलेजच्या ऑटोमोबाइल लॅबमध्ये या इंजिनाचं हेड पडलेलं असेल तर एक काम करा. व्हर्निअरने जाडी मोजा, चारही कोपऱ्यांवर, प्रत्येक ठिकाणी तीनदा. फेस मारल्याचं कोणाला आठवतं का ते विचारा, पण मोजून झाल्यावर विचारा. आकडे मला पाठवा. सध्या माझ्याकडे दोनच हेड आहेत, आणि त्यातलं मूळ कोणतं हे मला माहीत नाही.