भाडे जागेचे की विजेचे?
डेटा सेंटरमध्ये रॅक घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

जालना, खास प्रतिनिधी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखानदाराला वीजबिल समजावून सांगावे लागत नाही. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. भट्टी कोणत्या वेळी चालविली तर युनिट स्वस्त पडते, हेही त्याला पाठ असते. मात्र त्याच कारखान्याचे हिशेब सांभाळणारे सर्व्हर बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवण्याची वेळ आली की व्यवहार दुकानाच्या गाळ्यासारखा होतो. महिन्याचे भाडे किती आणि अनामत किती, एवढेच विचारले जाते. बियाणे कंपन्या, सहकारी बँका आणि रुग्णालये यांचीही गत फारशी निराळी नाही. वास्तविक डेटा सेंटरमध्ये जागा हा खर्चाचा लहान भाग असतो. ग्राहक मुख्यत्वे वीज, त्या विजेची अखंडता आणि थंडावा विकत घेत असतो.

रॅक म्हणजे काय?

सर्व्हर ठेवण्याचे १९ इंच रुंदीचे लोखंडी कपाट म्हणजे रॅक. प्रचलित रॅकमध्ये ४२ कप्पे असतात व प्रत्येक कप्प्याची उंची पावणेदोन इंच असते. कप्पे रिकामे असले तरी रॅकला मंजूर झालेली वीज संपली तर नवा सर्व्हर लावता येत नाही. म्हणून ‘किती कप्पे’ यापेक्षा ‘किती किलोवॅट’ हा प्रश्न अगोदर विचारावयास हवा.

वीजजोडणीचे गणितही नीट पाहावे. चांगल्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक रॅकला दोन स्वतंत्र वाहिन्या दिल्या जातात. २३० व्होल्टवर १६ अँपिअरची एक वाहिनी कागदावर ३.६८ केव्हीए देते. सुरक्षिततेसाठी सततचा भार त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २.९ केव्हीए ठेवतात. दोन वाहिन्या म्हणजे दुप्पट वीज, असा समज मात्र घातक आहे. एक वाहिनी बंद पडली तर दुसरीला संपूर्ण भार पेलावा लागतो. दोन्ही मिळून भार २.९ केव्हीएच्या वर गेला असेल, तर ऐनवेळी दुसरीही बंद पडते.

एका रॅकचा हिशेब

एका रॅकमधील सर्व्हर सतत अडीच किलोवॅट वीज घेतात असे धरू. तीस दिवसांत १,८०० युनिट झाले. पण बिल तेवढ्यावर थांबत नाही. वातानुकूलन, यूपीएसमधील गळती, दिवे यांचा वाटाही ग्राहकाच्याच माथी येतो. केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांना मिळालेली वीज, या गुणोत्तराला ‘पीयूई’ म्हणतात. ‘द ग्रीन ग्रिड’ या संस्थेने २००७ मध्ये ते रूढ केले.

हे गुणोत्तर १.६ असेल तर १,८०० युनिटचे २,८८० युनिट होतात, १.४ असेल तर २,५२०. हिशेबासाठी युनिटला ९ रुपये धरल्यास पहिल्या ठिकाणी बिल २५,९२० रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी २२,६८० रुपये येते. एका रॅकमागे वर्षाला ३८,८८० रुपयांचा फरक पडतो. भाड्यात महिना दोन हजारांची सवलत देणारे केंद्र अखेरीस महाग ठरते, ते असे.

आकारणीच्या पद्धती मुख्यत्वे दोन आहेत. एकीत ठराविक वीज भाड्यातच धरलेली असते. वापर कमी झाला तरी रक्कम तीच. दुसरीत मंजूर क्षमतेचे भाडे वेगळे व मीटरप्रमाणे युनिटचे पैसे वेगळे. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर मागणी आकार आणि वीज आकार. भार हळूहळू वाढणार असेल तर दुसरी पद्धत बहुधा परवडते. भट्टीप्रमाणे सर्व्हर स्वस्त दराच्या वेळी चालवून इतर वेळी बंद ठेवता येत नाहीत, हा भेदही लक्षात ठेवावा.

जालन्यात की नवी मुंबईत?

ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी राहिली. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, हे त्याचे एक प्रमुख कारण. जालन्याहून हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला जाऊन येण्यास चार-पाच सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे अंतराची भीती नको. भीती रस्ता खोदताना तुटणाऱ्या केबलची आहे. दोन कंपन्यांच्या, दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या जोडण्यांचा खर्च भाड्यात मिळवूनच तुलना करावी.

सर्व्हर कार्यालयातच ठेवायचे तर छोट्या खोलीत पीयूई सहज २ पर्यंत जातो. म्हणजे तोच भार ३,६०० युनिट खातो. डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण तीन युनिट देतो. डिझेल ९० रुपये धरल्यास युनिट ३० रुपयांना पडते. तरीही खरा बोजा डिझेलचा नसतो. दुसरा एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि रात्रीचा माणूस यांचा असतो. मे महिन्यात मराठवाड्याचा पारा चाळिशीपार जातो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान पंचविसाच्या वर दर दहा अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते. २००५ नंतरच्या वर्षांतील भारनियमन अनुभवलेल्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

मोठ्या शहरातही वीज जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पुरवठा कोलमडला. अशा वेळी जनरेटर किती सेकंदांत भार घेतो आणि टाकीत किती तासांचे डिझेल आहे, यावरच केंद्राची खरी किंमत ठरते.

करारापूर्वी विचारा

- मंजूर वीज किलोवॅटमध्ये आहे की केव्हीएमध्ये? जादा वापराचा दर काय?
- पीयूई प्रत्यक्ष मोजलेला लावणार की ठरावीक? गेल्या बारा महिन्यांचे आकडे दाखवाल का?
- वीज नियामक आयोगाने दर बदलल्यास वाढ कशी लावणार? दर कमी झाल्यास सूट मिळेल का?
- भाड्यातील वार्षिक वाढ किती? १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून रक्कम काय?
- अंतर्गत केबल जोडणी व तंत्रज्ञाच्या मदतीचे पैसे वेगळे का?
- सेवा खंडित झाल्यास भरपाई कशाची? बहुतेक करारांत ती भाड्याच्या काही भागापुरतीच असते. बुडालेल्या धंद्याची नसते.
- मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास किती रक्कम द्यावी लागेल?

या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज दोन केंद्रांच्या दरपत्रकांची तुलना करू नये.