कीटो आहारात प्रथिने किती? दीडशे वर्षांचा हिशेब

"डॉक्टर, कीटो सुरू केलंय. प्रोटीन किती घेऊ?" हा प्रश्न आता दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. विचारणाऱ्यांचे साधारण दोन गट असतात. एका गटाला वाटते, भात-पोळी सोडली की चिकन, अंडी आणि प्रोटीन पावडर कितीही चालते. दुसऱ्या गटाने कुठेतरी ऐकलेले असते की जास्त प्रथिनांची शरीरात साखर होते. म्हणून ते तूप-लोण्यावर दिवस काढतात आणि प्रथिने अगदीच कमी खातात. या दोन्ही चुका पूर्वी होऊन गेल्या आहेत आणि काहींनी त्यांची किंमत जिवाने मोजली आहे. तो इतिहास समजला की स्वतःचा आकडा काढणे सोपे जाते.

लघवीतून मोजलेली गरज

प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. साखर, पिष्ट आणि तेल-तुपात तो नसतो. शरीराने वापरलेल्या प्रथिनांचा नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात लघवीतून बाहेर पडतो. त्यामुळे हा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले की किती प्रथिने खर्ची पडली याचा अंदाज येतो.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत म्युनिकच्या कार्ल फॉन फॉइट यांनी कष्टकरी माणसासाठी दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सांगितले. पण तिथले कामगार खात होते तेवढी त्यांची गरजही होती का? अमेरिकेत येल विद्यापीठातील रसेल चिटेंडन यांनी ही शंका स्वतःवरच तपासली. प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू यांच्यावरही प्रयोग करून १९०४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ते स्वतः दिवसाला ४० ग्रॅमपेक्षा कमी प्रथिनांवर ठणठणीत राहिले होते. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातील डी. मॅके यांना हे पटले नाही. कमी प्रथिने खाणाऱ्या बंगाली लोकांची ताकद कमी पडते, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. भारतात आज निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी शिफारस आहे. मात्र ती नेहमीच्या, धान्य असलेल्या आहारासाठी आहे.

कीटो आहार आला आकडीसाठी

कीटो आहाराचा जन्म वजन कमी करण्यासाठी झालेला नाही. उपवास केल्यावर अपस्माराच्या काही रुग्णांना आकडी कमी येते, हे लक्षात आले होते. पण मुलांना किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवले की भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदके दिली, तर उपवासासारखीच स्थिती साधता येईल. 'कीटोजेनिक आहार' हे नाव त्यांचेच.

त्याच सुमारास शिकागोच्या रोलिन वुडयॅट यांनी एक सूत्र मांडले. त्यात १०० ग्रॅम प्रथिनांपैकी ५८ ग्रॅम साखरेच्या बाजूला धरलेले होते. "प्रथिनांची साखर होते" ही भीती इतकी जुनी आहे. मग प्रथिने अगदी कमी करायची का? समोर वाढीच्या वयातली मुले होती. प्रथिने तोडली तर आकडी थांबेल, पण वाढही खुंटेल. १९२५ मध्ये मेयो क्लिनिकच्याच डॉ. पीटरमन यांनी यातून मार्ग काढला. दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि बाकी सारे स्निग्ध. म्हणजे प्रथिनांचा आकडा आधी ठरला आणि मग त्याभोवती ताट मांडले गेले. हा क्रम लक्षात ठेवा.

फक्त मांस खाल्ले तर?

१९२८ मध्ये उत्तर ध्रुवाकडचे प्रवासी विल्याल्मर स्टेफान्सन यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली केवळ मांसाहार सुरू केला. प्रयोग वर्षभराचा होता. सुरुवातीला त्यांना चरबी काढलेले मांस देण्यात आले, तर दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर तब्येत सुधारली. पुढे मांसच खाऊनही प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या साधारण १५ ते २५ टक्केच राहिली. कीटो म्हणजे प्रथिनांचा डोंगर नव्हे.

स्वस्त प्रथिनांची महाग किंमत

१९७० च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन घटवण्याची लाट आली. ही प्रथिने बरीचशी जनावरांच्या कातड्यापासून मिळणाऱ्या कोलॅजेनची होती. त्यात आवश्यक अमिनो आम्ले पुरेशी नव्हती आणि एकूण उष्मांक उपासमारीइतके कमी होते. सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती. हृदयही स्नायूच आहे, हे विसरू नका.

त्याच काळात बोस्टनचे जॉर्ज ब्लॅकबर्न व ब्रूस बिस्ट्रियन यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत वेगळी पद्धत वापरली. त्यात चांगल्या प्रतीची प्रथिने, जोडीला क्षार व जीवनसत्त्वे होती. प्रमाण होते दर किलोमागे सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम, पण आदर्श वजनावर.

आता तुमचा आकडा

समजा तुमची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९० किलो आहे. उंचीचा (मीटरमध्ये) वर्ग करून २२ ने गुणा: १.६५ × १.६५ × २२ = सुमारे ६० किलो. हे तुमचे आदर्श वजन. त्याला १.२ आणि १.५ ने गुणले की ७२ ते ९० ग्रॅम येतात. ९० किलो धरून हिशेब केला असता तर १३५ ग्रॅमपर्यंत गेला असता.

आणखी एक नेहमीचा गोंधळ: १०० ग्रॅम चिकन म्हणजे १०० ग्रॅम प्रथिने नव्हेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, तर १०० ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये २७ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दिवसभरात ३ अंडी, १५० ग्रॅम पनीर आणि १०० ग्रॅम चिकन घेतले की ७२ ग्रॅमचा टप्पा गाठता येतो. डाळीत प्रथिनांच्या दुपटीहून जास्त कर्बोदके असतात. म्हणून शाकाहारी मंडळींना कीटोवर हा आकडा गाठणे कठीण जाते.

हे मात्र स्वतः ठरवू नका

किडनीचा आजार असेल, तर वरचा हिशेब तुमच्यासाठी नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या इतर गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. लहान मुलांचा कीटो आहार तर तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय सुरूच करू नये. कीटो सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या आणि चालू औषधांची यादी घेऊन या. तुमचा आकडा आपण मिळून काढू.