गोल्फ मैदानरचनेतील जलअडथळे : एक ऐतिहासिक आढावा

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे पहिल्या होलच्या ग्रीनपुढून स्विल्कन हा ओढा वाहतो. आरंभीचे जलअडथळे असे निसर्गदत्त होते. भारतात १८२९ मध्ये कलकत्त्यास व १८४२ मध्ये मुंबईस गोल्फ क्लब स्थापन झाले. कलकत्ता क्लबचे टॉलीगंज येथील मैदान तळ्यांसाठीच ओळखले जाते. पुढे जलअडथळा हेतुपुरस्सर निर्माण होऊ लागला. १९८० मध्ये खुल्या झालेल्या फ्लोरिडातील सॉग्रास मैदानावर पीट डाय यांनी पत्नी ॲलिस यांच्या सूचनेवरून, वाळू उपसलेल्या खड्ड्यात पाणी भरून सतरावे ग्रीन बेटासारखे केले. अंतर अवघे सव्वाशे मीटर. तरीही निष्णात खेळाडू तेथे चुकतात. वाळूतला चेंडू फटकावून बाहेर काढता येतो. खोल पाण्यात मात्र चेंडू जातो आणि एका फटक्याचा दंडही पडतो. २०१९ च्या नियमांत ‘जलअडथळा’ ही संज्ञा जाऊन ‘दंडक्षेत्र’ आली. धास्ती कायम राहिली. सारांश, जलअडथळा हस्तकौशल्याइतकीच मनःस्थैर्याची कसोटी पाहतो.