एक उत्तरपत्रिका, अठ्ठावीस परीक्षक

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की शिक्षकांच्या खोलीत एक विषय हमखास निघतो : यंदा परीक्षक म्हणून कोणाकोणाची नावे गेली? शाळेमार्फत मंडळाकडे जाणाऱ्या माहितीत विषय, पदवी, अध्यापनाची वर्षे अशा गोष्टी असतात. त्यावरून शिक्षकाला विषय येतो की नाही, हे समजते. पण त्याने दिलेले गुण कितपत भरवशाचे असतील, हे समजते का?

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांना हा प्रश्न १८८८ मध्येच पडला होता. खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजतात. दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून ते सरासरी काढतात आणि आकडे किती विखुरले आहेत तेही पाहतात. आम्ही प्रयोगशाळेत आजही हेच करतो. एजवर्थ यांचे म्हणणे असे, की गुण देणे हेही एक मोजमापच आहे, मग त्यातली चूक का मोजू नये? त्यांनी लॅटिन गद्यलेखनाचे एकच उत्तर २८ जाणकार परीक्षकांकडून तपासून घेतले. शंभरपैकी गुण पडले ४५ पासून थेट १०० पर्यंत! १८९० मध्ये त्यांनी स्पर्धा परीक्षांचाही हिशेब मांडला. तेवढेच लायक पण दुसरे परीक्षक नेमले गेले असते, तरी ज्यांचे यश नक्की टिकले असते असे उमेदवार यशस्वी झालेल्यांपैकी एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांशच निघाले. बाकीच्यांच्या यशात नशिबाचाही वाटा होता.

लॅटिन शैलीबाबत मतभेद होणारच, गणितात असे होणार नाही, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एक उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे पाठवली. काहींनी तीसपेक्षा कमी गुण दिले, काहींनी नव्वदपेक्षा जास्त. पायऱ्या बरोबर पण मांडणी गबाळी असेल, तर किती गुण कापायचे, यावरच एकमत नव्हते. (गणिताच्या शिक्षकांनी हे वाचून हसू नये, आमच्या ओळखीत असे दोन गट आजही आहेत.)

आम्हाला सर्वांत बोचरा वाटतो तो १९३५ चा प्रयोग. तो करणाऱ्यांपैकी फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. त्यांनी व ऱ्होड्स यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ परीक्षेत या सगळ्यांना सारखेच, मध्यम गुण पडले होते. त्या १४ परीक्षकांना तपासायला दिल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. म्हणजे एकूण २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय बदलला! दुसऱ्या परीक्षकाशी मतभेद होणे आपण समजू शकतो. पण इथे भांडण स्वतःशीच होते.

आपल्याकडे परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो, आदर्श उत्तरे ठरवली जातात, ती मतभेदाच्या या दुखण्यामुळेच. एक परीक्षक कडक व दुसरा सढळ असेल, तर नियामकाने तपासलेल्या नमुन्यात ते बहुधा उघड होते. पण सकाळी कडक आणि संध्याकाळी थकल्यावर सढळ, अशा एकाच परीक्षकाचे काय? थोड्याशा नमुन्यावरून ते पकडणे फार कठीण.

विद्यार्थ्याच्या हाती मात्र दीर्घकाळ काहीच नव्हते. महाराष्ट्रात उत्तरपत्रिका पाहण्यास व पुन्हा तपासून घेण्यास बंदी करणारे मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरवले. निकाल कधीतरी अंतिम व्हायला हवा, हे त्यातले एक कारण होते, आणि ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. पुढे माहितीचा अधिकार आला. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क मान्य केला. परीक्षकाचे नाव व सही मात्र झाकूनच ती द्यायची आहे.

हार्टोग यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. सहामाहीच्या दहा उत्तरपत्रिकांच्या, गुण लिहिण्यापूर्वीच, प्रती काढून ठेवाव्यात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पुन्हा तपासाव्यात. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांवर हे करून पाहिले. दहापैकी चार वह्यांचे गुण बदलले, आणि एका वहीवर तर आम्ही पूर्वी नापासाचा शेरा मारला होता.